तिकीट आपणच काढतो

दिवाळीच्या अंकात अंधाराची कादंबरी कशाला, असे कुणी विचारील. सणासुदीचे दिवस आहेत, घरात फराळाचा वास दरवळतो आहे, मुले किल्ल्याच्या मातीत हात घालून बसली आहेत. अशा वेळी चेटकीण, आरशांचा भुलभुलय्या आणि अपरात्रीची आगगाडी हवी कशाला? माझे उत्तर साधे आहे. पणती अंधारातच लावायची असते. भर दुपारी लावली तर तेलाची नासाडी तेवढी होते. आणि मुलांसाठी म्हणून आपण जे वाङ्मय निवडतो, त्यातले पुष्कळसे असे भर दुपारचे असते.

ज्या पुस्तकासाठी मी भांडायला उभा आहे, ते रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाचे. 'समथिंग विकेड धिस वे कम्स' हे त्याचे नाव, १९६२ हे प्रकाशनाचे साल. ब्रॅडबरी १९२० साली इलिनॉय राज्यातल्या वॉकीगन गावी जन्मला आणि २०१२ साली वारला. आपल्या त्या गावालाच त्याने लेखनात ग्रीन टाऊन हे नाव दिले. १९८३ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला, त्याची पटकथाही त्याचीच. तेव्हा पुस्तक काही अडगळीतले नव्हे. पण गाजलेल्या पुस्तकाला दोन प्रकारचे शत्रू भेटतात, आणि गंमत अशी की दोघेही स्वतःला मुलांचे हितचिंतक म्हणवतात.

पहिला वर्ग सोवळ्या पालकांचा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने असले भेसूर काही वाचू नये, त्याच्या कोवळ्या मनावर परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे. दुसरा वर्ग हौशी अध्यापकांचा. ते पुस्तक वाचू देतात, पण वाचून झाले की फळ्यावर मधोमध उभी रेघ मारतात. डावीकडे सुष्ट, उजवीकडे दुष्ट. प्रत्येक पात्राला एकेका रकान्यात बसवायचे, खाली 'अखेर सत्प्रवृत्तीचा जय झाला' असे लिहायचे, की झाला अभ्यास! पहिल्यांना हे पुस्तक भयंकर वाटते, दुसऱ्यांना ते सोपे वाटते. पण दोघांच्या मनात गृहीत एकच आहे: दुष्टपणा बाहेरून येतो. ब्रॅडबरीने तीनशे पाने खर्चून नेमके हेच गृहीत खोडून काढले आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. विल हॅलोवे आणि जिम नाइटशेड हे शेजारी राहणारे जिवलग मित्र. एक मध्यरात्रीपूर्वी एका मिनिटाने जन्मला, दुसरा मध्यरात्रीनंतर एका मिनिटाने. दोघांना चौदा पूर्ण व्हायला आठवडा उरला आहे. ऑक्टोबर सरत आलेला, जत्रांचा हंगाम केव्हाच संपलेला. आणि एके रात्री तीन वाजता कूगर आणि डार्क यांची फिरती जत्रा आगगाडीने गावाबाहेर उतरते. तिच्यात लाकडी घोड्यांचा एक गोल फिरणारा पाळणा आहे. तो सरळ फिरला की दर फेरीला वर बसलेल्याचे वय एका वर्षाने वाढते. उलटा फिरला की एका वर्षाने घटते. विलचे वडील चार्ल्स हॅलोवे हे चोपन्न वर्षांचे गृहस्थ गावच्या ग्रंथालयात झाडलोट करतात आणि रात्री तिथलीच पुस्तके वाचत बसतात. जत्रेशी झुंज या तिघांची.

आता मला असे विचारायचे आहे की, या जत्रेने गिऱ्हाईक म्हणून कुणाला दोरी बांधून ओढून नेले? मिस्टर डार्क दोन्ही मुलांना पकडतो, हे खरे. पण ते त्यांनी त्याचे गुपित पाहिले म्हणून. बाकीचे आपल्या पायांनी चालत गेले आहेत. मिस फोली या मुलांच्या शिक्षिका. त्यांना गेलेले तारुण्य परत हवे आहे. ते मिळते, पण असे मिळते की त्या एक रडणारी लहान पोर होऊन झाडाखाली बसतात आणि त्यांना ओळखणारे गावात कुणी उरत नाही. टॉम फ्यूरी हा वीज पडू नये म्हणून घरांवर बसवायच्या सळ्या विकणारा फिरस्ता. जन्मभर लोकांना वादळापासून सावध करणारा हा माणूस बर्फात गोठलेल्या एका सुंदर स्त्रीच्या मोहाने स्वतःच फसतो. जिमला झटपट मोठे व्हायचे आहे. आणि चार्ल्स हॅलोवे, जो आपला नायक, त्याला तर रात्रंदिवस एकच शल्य बोचते की आपण बाप झालो ते फार उशिरा.

म्हणजे पाहा, मोठ्यांना लहान व्हायचे आहे आणि लहानाला मोठे. आपल्या वाट्याला आलेले वय कुणालाच नको आहे. जत्रेचे सारे भांडवल हेच. मालक फक्त तंबू ठोकतो. तिकीट आपणच काढतो.

कादंबरीचे नावही तेच सांगते. ते शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधून घेतले आहे. तिथे हे शब्द एका चेटकिणीच्या तोंडी आहेत. कुणीतरी दुष्ट इकडे येतो आहे, अशी चाहूल तिला लागते. आणि जो येतो तो राक्षस नव्हे, पिशाच्च नव्हे, तर आपले भविष्य विचारायला आपण होऊन आलेला मॅकबेथ! चेटकीण आपल्या जागी बसलेली आहे, चालत आला आहे तो माणूस. मुखपृष्ठावरच एवढे स्पष्ट सांगितलेले असताना फळ्यावर रेघ मारण्याची घाई कशाला?

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला ययाती आपल्याच मुलांपुढे हात पसरून तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो, ही महाभारतातली कथा आपल्या ओळखीची आहे. वि. स. खांडेकरांनी तिच्यावर १९५९ साली कादंबरी लिहिली, आणि पुढे १९७४चे ज्ञानपीठ पारितोषिक तिला मिळाले. ययाती दुष्ट होता काय? तो हावरा होता, आणि आपल्या हावेची किंमत त्याने मुलाकडून वसूल केली. ब्रॅडबरीने हा ययाती एकाच राजवाड्यात न ठेवता सबंध गावात वाटून दिला, एवढाच फरक.

रकाने पाडणाऱ्यांना माझे दोन प्रश्न आहेत. मिस्टर डार्क मुलांची चित्रे तळहातांवर गोंदवून त्यांना शोधत गावात फिरतो आणि चार्ल्सला त्यांची नावे विचारतो. चार्ल्स बेधडक खोटी नावे सांगतो. हे असत्य कोणत्या रकान्यात घालणार? दुसरा प्रश्न याहून अवघड. शेवटी डार्क पाळण्यावर बसून स्वतःला लहान मुलगा करून घेतो आणि केविलवाणा होऊन मदत मागतो. चार्ल्स त्याला ओळखतो. तो त्याला मारत नाही. छातीशी धरतो, मायेने घट्ट धरून ठेवतो. ती माया न सोसून ते मूल मरते. एका चांगल्या माणसाच्या कुशीत एक मूल मेले आहे, आणि मारणारा दुसरे काही नव्हे, प्रेमच आहे! वर्गात यावर तासभर भांडण व्हायला हवे. तक्त्यात ते अर्ध्या ओळीत उरकते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बापलेकांचा संवाद. मध्यरात्रीच्या सुमारास विल वडिलांना विचारतो, मी चांगला मुलगा आहे का? तुम्ही चांगले आहात का? आणि चांगले असाल, तर सुखी का नाही? वडील थाप मारत नाहीत. चांगले असणे म्हणजे सुखी असणे नव्हे, हे ते कबूल करतात. गावात सर्वांत मोठ्याने हसणारा माणूस कधी कधी पापाचे सर्वांत मोठे ओझे वाहत असतो, आणि थकलेला, पडेल चेहऱ्याचा माणूस हाच कधी कधी खरा भला असतो, असे ते मुलाला समजावतात. आपल्या बोधकथांत सज्जन हसतमुख असतो आणि दुर्जनाच्या कपाळावर आठ्या असतात. मग मूल मोठे होते, हसतमुख लफंग्याच्या हाती फसते आणि दुर्मुखलेल्या भल्या माणसाला टाळते. कोवळ्या मनावर परिणाम म्हणतात तो हा!

कादंबरीत सारेच मला पटते असे नाही. जत्रेतली बुटकी माणसे, हाडांचा सापळा झालेली माणसे यांची शरीरे ब्रॅडबरीने पापाची शिक्षा म्हणून रंगवली आहेत. शरीराचे व्यंग हे मनाच्या व्यंगाचे चिन्ह, ही समजूत जुनी आहे आणि क्रूर आहे. मुलांना ती तशीच गिळू देऊ नये. विलची आई तर पुस्तकात असून नसल्यासारखी. हे दोष वर्गात उघड बोलावेत. पण चेटकीण हसण्याने हरते हे फार पोरकट झाले, हा आक्षेप मात्र मी मानीत नाही. ते हसणे विनोदाचे नाही. आरशांच्या भुलभुलय्यात चार्ल्सला आपली असंख्य जराजर्जर रूपे दिसतात आणि तो खचून जातो. तेव्हा मुलगा त्याला सांगतो, तुम्ही कितीही म्हातारे असा, मला तुम्ही हवे आहात. मग तो हसतो आणि आरसे फुटतात. आपले वय, आपले मरण ज्याने मान्य केले, त्याचे ते हसणे. त्याला विकायला जत्रेपाशी काही उरत नाही.

आणि विजयानंतर काय? तिघे त्या पाळण्यापाशी उभे आहेत. मालक मेला आहे, पाळणा शाबूत आहे. एकच फेरी मारून पाहावी, असे मनात येऊन जाते. पण चार्ल्स हिशेब जाणतो. एक फेरी झाली की दुसरी हवी. मग एकटेपणा नको म्हणून मित्रांना बसवायचे, मित्रांच्या मित्रांना बसवायचे. असे करता करता एक दिवस आपणच जत्रेचे मालक! म्हणून ते हत्यारे घेऊन पाळणा मोडून टाकतात. जुने गिऱ्हाईकच पुढे मालक होते, हे ज्या मुलाला चौदाव्या वर्षी कळले, त्याला पुढच्या आयुष्यात फसवणे सोपे नाही.

म्हणून सोवळ्या पालकांना मी म्हणतो, हे पुस्तक तुम्ही मुलांच्या भीतीने लपवीत नाही, स्वतःच्या भीतीने लपवता. त्यातले मोहात पडलेले बहुतेक लोक तुमच्या-माझ्या वयाचे आहेत. पाचवी-सहावीतल्या पोराला इंजिनिअर करण्यासाठी शिकवणीच्या वर्गात बसवणारा बाप पाळणा सरळ फिरवीत असतो. आणि त्याच घरात आरशापुढे केस काळे करताना गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडणारा बाप तो उलटा फिरवीत असतो. मुलाने हे वाचले तर ते आपल्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहील, ही खरी धास्ती!

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे, कोकणात आणि गोव्यात विशेषेकरून, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. नरकासुर मेला असे म्हणायचे आणि फराळाला बसायचे. पण ही रीत तिथे संपत नाही. फुटलेल्या कारिटाचा कडू रस जिभेलाही लावायचा असतो. पायाखालचा असुर हा जिभेवर घेऊन चाखायचाही असतो, हे रीत घालून देणाऱ्यांना ठाऊक असावे. आपण फोडणे तेवढे ठेवले आणि चाखणे सोडून दिले.

यंदाच्या सुट्टीत मुलांना हे पुस्तक द्या. इंग्रजी अवघड वाटले तर शेजारी बसून अर्थ सांगा. आणि वाचून झाल्यावर सुष्ट कोण, दुष्ट कोण, हे विचारू नका. पाळणा दारात उभा राहिला तर तू कोणत्या बाजूने फिरवशील, एवढेच विचारा. मग मूल हाच प्रश्न तुम्हाला विचारील. त्याला खरे उत्तर द्या.