सुलोचनेचे वैभव कोणाच्या मालकीचे?

मूकपटांच्या नट्यांविषयी लिहिताना त्यांच्या ऐश्वर्याच्या कथा सांगण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. सुलोचना हे त्या कथांतले ठरलेले नाव. त्यांना दरमहा 5,000 रुपये वेतन होते, मुंबईच्या गव्हर्नरालाही तेवढे मिळत नसे, असे सांगितले जाते. 1983 मध्ये त्या मुंबईत वारल्या, तेव्हा हे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले होते. या दोन टोकांमधील अंतर दैवाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण ते योग्य नाही.

सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. जन्म 1907चा, पुण्यातील ज्यू घराण्यातला. चित्रपटात येण्यापूर्वी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. ‘कुलीन’ म्हणवणाऱ्या घरांनी आपल्या मुलींना पडद्यापासून दूर ठेवले होते. ती जागा ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी भरून काढली. मात्र रूबीची सुलोचना झाली आणि रेने स्मिथची सीतादेवी. श्रम चालत होते, नाव मात्र चालत नव्हते!

कोहिनूर कंपनीच्या ‘टायपिस्ट गर्ल’मध्ये (1926) त्यांच्यासोबत गोहर आणि राजा सँडो होते. नोकरी करून पोट भरणारी स्त्री नायिका म्हणून पडद्यावर येते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त (1927) त्यांनी माळ्यापासून पोलिसापर्यंत आठ भूमिका वठविल्या. पुढे इंपीरियल कंपनीत दिनशा बिलिमोरिया यांच्यासोबत त्यांची जोडी जमली. 1928च्या ‘अनारकली’त बिलिमोरिया सलीम होते.

1931 मध्ये याच इंपीरियलने ‘आलम आरा’ काढला. नायिका मात्र झुबेदा होत्या. ध्वनियंत्र आले आणि मूक अभिनयातील प्रावीण्याचे मोल एका वर्षात उतरले. यंत्र कधी आणायचे हे मालकाने ठरविले. त्याची झळ कलावंताला सोसावी लागली. गिरणीतील कामगाराला हा अनुभव नवा नाही. सुलोचनाबाई डगमगल्या नाहीत. काम थांबवून त्या हिंदी शिकल्या आणि 1932 मध्ये बोलक्या ‘माधुरी’तून परतल्या. ‘अनारकली’ 1935 मध्ये आणि ‘वाइल्डकॅट’ 1936 मध्ये ‘बंबई की बिल्ली’ या नावाने पुन्हा निघाला. जुन्या यशाचे भांडवल पुन्हा वापरता आले, कारण कथा आणि चित्रे कंपनीच्या मालकीची होती. नटीच्या मालकीचे होते ते केवळ तारुण्य, आणि ते टिकणारे नव्हते. 1953च्या ‘अनारकली’त नायिका बीना राय होत्या, सुलोचनाबाई सलीमच्या आईच्या भूमिकेत दिसल्या.

‘एवढा पगार मिळविला, मग शिल्लक का टाकली नाही?’ असा प्रश्न विचारला जातो. व्यक्तिगत काटकसरीचा उपदेश करणारा हा प्रश्न मूळ मुद्द्याला बगल देतो. वेतन कितीही मोठे असले तरी ते वेतनच. काम थांबले की तेही थांबते. ज्या चित्रांनी पेढीला नफा दिला, त्यांच्या पुढील उत्पन्नात कलावंताचा वाटा नव्हता. अग्रनायिकेची ही स्थिती, तर गर्दीतल्या अनामिक स्त्रियांची काय असेल?

1973 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार देऊन शासनाने सुलोचनाबाईंचा गौरव केला, हे उचितच झाले. परंतु शाल आणि सुवर्णपदक ही हक्काची जागा घेऊ शकत नाहीत. वृद्धापकाळाची हमी आणि पुनःप्रदर्शनाच्या उत्पन्नातील वाटा या मागण्या पडद्यावरच्या राणीच्या आहेत, तशाच दिवसाच्या रोजावर उभ्या राहणाऱ्या दासीच्याही आहेत. दोघींनी त्या एकत्र मांडल्या, तरच त्यांना बळ येईल.