मुदत की मदत?

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची हयात गेली; काना-वेलांटीची चूक तिच्या नजरेतून कधी सुटली नाही. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "अगं, पतसंस्थेनं लिहिलंय, अर्जाची मदत पंधरा तारखेला संपते. कसली गं मदत?"

मी पतसंस्थेचं पान उघडलं. शब्द 'मुदत' होता. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, आणि त्यातला बारीकसा उकार तिला दिसलाच नव्हता. "परत डोळे तपासून घेते," ती म्हणाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला उत्तम दिसतं. तरी दोष तिने स्वतःकडे घेतला, याचा मला फार राग आला.

मी आयटीआयमध्ये कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ट्रेडला शिकवते. वेब पानाला रंग देणं हा आमचा अगदी सुरुवातीचा धडा. 'बॅकग्राउंड-कलर' लिहिलं की पाठीमागचा रंग बदलतो, 'कलर' लिहिलं की अक्षरांचा. दोनच ओळी. मुलं त्या पाच मिनिटांत शिकतात आणि पुढे जातात. मी मात्र हल्ली तिथेच त्यांना अडवते.

कारण या दोन रंगांमधला फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१, याहून जास्त फरक शक्य नाही. वेब पानांच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून आहेत, त्यांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५:१ सांगितलंय. हा आकडा ठरवताना साधारण ऐंशी वर्षांच्या माणसाची नजर धरली होती. म्हणजे माझी आई त्या हिशेबात आधीपासून आहे! पांढऱ्या पानावर #७६७६७६ हा राखाडी रंग जेमतेम पास होतो, #७७७७७७ नापास. पतसंस्थेच्या पानावर #९९९९९९ होता. फरक २.८५.

त्यातून आपली लिपी देवनागरी. उकार खाली, अनुस्वार वर, रफार त्याच्याही शेजारी. सगळा अर्थ अशा बारीक रेघांत आणि टिंबांत. रंग फिका पडला की आधी त्याच जातात. इंग्रजी पानाचा नमुना उचलून त्यात मराठी ओतणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही. म्हणून मराठीसाठी ४.५वर समाधान मानू नये, ७च्या पुढे राहावं, असं माझं ठाम मत आहे. #३३३३३३ घेतला तर पांढऱ्यावर १२च्या वर फरक मिळतो आणि पान जराही भडक दिसत नाही.

आणखी एक चूक सर्रास होते. अक्षरांचा रंग काळा ठरवतात आणि पाठीमागचा लिहीतच नाहीत, तो पांढराच असणार असं धरून चालतात. पण डोळ्यांना त्रास होतो म्हणून कुणी ब्राउझरमध्ये स्वतःची काळी पार्श्वभूमी निवडलेली असते. मग काळ्यावर काळं, पान कोरं. दोन्ही ओळी जोडीनेच लिहायच्या.

परवा एका मुलाने वडिलांच्या रोपवाटिकेचं पान केलं. पोपटी रंगावर पांढरी अक्षरं. लॅबच्या पडद्यावर छान दिसत होतं. मी सगळ्या वर्गाला भर दुपारी मैदानात नेलं आणि पान मोबाइलवर उघडायला लावलं. उन्हाचा उजेड काचेवर पडला की काळंही उजळतं, फरक आणखी घटतो. आंब्याच्या कलमांचा भाव कुणालाच वाचता येईना. "गिऱ्हाईक बांधावरूनच बघणार ना, मॅडम," तो म्हणाला आणि आत जाऊन पोपटीचा गडद हिरवा केला.

शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, जे कुणी पैसे मोजून पान करून घेतात, त्यांनी बिल देण्याआधी ते मोबाइलवर उघडून उन्हात उभं राहावं. शेजारी घरातलं एखादं म्हातारं माणूस असावं आणि त्याच्याकडून तारीख, रक्कम, मुदत मोठ्याने वाचून घ्यावी.

पतसंस्थेला मी पत्र दिलंय. कुठली ओळ बदलायची, कुठला आकडा घालायचा, सगळं लिहून. मिनिटभराचं काम आहे. आज सकाळी पाहिलं, अक्षरं अजून तशीच राखाडी आहेत. मी पुन्हा जाणार आहे, या वेळी आईला घेऊन.