पेरते व्हा

वैशाख सरता सरता जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर रोपांसाठी राब भाजून झालेले असतात. वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं पाड्यांवर परततात, आणि नेमका याच दिवसांत पावशा ओरडतो. तीन अक्षरांची शीळ. दर खेपेला सूर वर चढतो, गळा फाटेल असं वाटतं तोच थांबतो. मग पुन्हा खालून सुरुवात. रात्रीसुद्धा.

आपल्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं, हिंदी मुलखाला ‘पी कहाँ’. उन्हाळ्यानं हैराण इंग्रजांनी त्याला ‘ब्रेन-फीव्हर’ ठरवलं. पक्ष्यांची नावं बहुधा त्यांच्या आवाजावरून पडतात, हे यास्कानं ‘निरुक्ता’त काक शब्दापाशी सांगून ठेवलंय. कोकिळ, लॅटिन ‘कुकुलुस’, रशियन ‘कुकुश्का’ ही सगळी त्याच जातीची नावं. रशियात वसंतात ही कुकुश्का रानात ओरडली, की लोक तिला विचारतात, माझी किती वर्षं उरली? आणि तिचे कुकू मोजत उभे राहतात. पोर टाकून जाणाऱ्या आईलाही तिथं कुकुश्काच म्हणतात, कारण ही पक्षीण परक्याच्या घरट्यात अंडी घालते.

पावशाची मादीही अंडं सातभाईच्या घरट्यात घालते. पण आपल्या शेतकऱ्यानं नाव ठेवताना तिची ही खोड धरली नाही, पाऊस धरला. मला याचं फार अप्रूप वाटतं. ज्याची वर्षभराची नागली-वरई त्या राबावरच्या मूठभर बियाण्यावर अवलंबून, त्याला दुसरं काय ऐकू येणार?

पक्ष्यांची अशी नावं गोळा करणारे मारुती चितमपल्ली 2025च्या जूनमध्ये गेले. वनखात्यात असताना रानातल्या माणसांकडून वेचलेली नावं त्यांनी ‘पक्षीकोशा’त जपली. ते काम मोखाड्यात पुढं न्यायला मुंबईहून अभ्यासक यायला हवा असं नाही. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पावशा ओरडतच असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चौथीच्या पोरांनी आजीला विचारावं आणि वहीत लिहावं : वारलीत याला काय म्हणतात, कोकण्यांत काय, कातकऱ्यांत काय, तो काय बोलतो, आणि तो बोलला की घरात कोणतं काम निघतं.