वढूच्या अमावास्येला आणखी एक टेबल

फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुकच्या समाधीस्थळी महाराष्ट्रभरातून तरुण येतात. १६८९ साली याच तिथीला शंभूराजांची हत्या झाली. मोगली दहशतीला न जुमानता वढूकरांनी त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार केले, असे गावाची परंपरा सांगते. अशा दिवशी रक्तदान शिबिर भरवणे आपल्या अंगवळणी पडले आहे. आमचे मागणे एवढेच, की रक्तदानाच्या खाटांशेजारी आणखी एक टेबल मांडावे, अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीचे.

रक्ताच्या कर्करोगात, थॅलेसेमियात काही रुग्णांना दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी मिळाल्या तरच बरे होण्याची आशा असते. भारतात हे प्रत्यारोपण पहिल्यांदा झाले ते मुंबईच्या टाटा रुग्णालयात, १९८३ साली. डॉ. सुरेश अडवाणींनी ९ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. ती नशीबवान, कारण सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. इथे रक्तगट जुळून भागत नाही. जुळावी लागतात ती सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुके. अर्धा संच आईकडून, अर्धा वडिलांकडून. आपले काय आणि परके काय, हे शरीर त्यांवरूनच ओळखते. आता अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होते, पण पूर्ण जुळणारा दाता मिळाला तर डॉक्टर सहसा त्यालाच पसंती देतात. पिढ्यानपिढ्या आपापसांत सोयरिकी झालेल्या समाजांत या जनुकांचे ठरावीक संच फिरत राहतात. म्हणून शिरूर-दौंडच्या रुग्णाला जुळणारा माणूस जर्मनीपेक्षा आपल्याच मुलखात सापडण्याची आशा जास्त. जगभरच्या याद्यांत ४ कोटींहून अधिक नावे आहेत. त्यात भारतीय फार थोडे.

नाव नोंदवताना गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बस्स. कसोटी लागते ती जुळल्याचा फोन आल्यावर. बहुतेक दात्यांना चार-पाच दिवस इंजेक्शने घ्यावी लागतात, अंग ठणकते. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, मूळपेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. काही तासांचे काम. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. मणक्याला हात लागत नाही. तरी घरात आजी म्हणते, “पोराच्या पाठीत सुई नको गं बाई,” आणि पोरगा माघार घेतो. नोंदणीच्या दिवशीच नाही म्हटले तर कुणाचे काही बिघडत नाही. पण नव्या पेशी देण्याआधी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांच्या जबर माऱ्याने संपवतात. त्यानंतर दाता फिरला, तर रुग्णाचा जीवच टांगणीला लागतो.

म्हणून आयोजकांनी आकडा फुगवू नये. घरी बोलून, पक्के ठरवून आलेले दहा जण आम्हाला पुरेसे वाटतात. चेन्नईची ‘दात्री’ किंवा बेंगळुरूची ‘डीकेएमएस’ यांसारख्या नोंदणीसंस्थांना आधीच कळवावे. आई-आजीलाही टेबलाशी बसवून सगळे समजावून सांगावे. आणि मोबाइल नंबर बदलला की संस्थेला कळवायचे, हे सही घेतानाच प्रत्येकाकडून कबूल करून घ्यावे. जुळल्याचा फोन कित्येक वर्षांनीही येतो.