मजा, चव आणि तलब

मागच्या रमजानमध्ये एका जुम्म्याच्या बयानात मौलानांनी 'दुनियेची लज्जत' हा विषय घेतला होता. मजा हे शैतानाचं जाळं आहे, ज्याला आखिरत हवी त्याने मजेकडे पाठ फिरवावी, असा एकूण सूर होता. बाहेर पडताना मोहल्ल्यातला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "चाचा, मग इफ्तारला शरबत आवडलं तर तेही चुकीचंच का?"

तो चेष्टा करत नव्हता. वर्षभरापूर्वीपर्यंत हा पोरगा शाळेच्या कार्यक्रमात हार्मोनियम वाजवायचा. मोबाईलवरची बयानं ऐकून त्याने ते बंद केलं. हार्मोनियम सुटली, मोबाईल मात्र सुटला नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो रील्स बघत असतो, हे त्याच्या आईनेच मला सांगितलं.

त्याला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते आज द्यायचा प्रयत्न करतो.

सुरुवात माझ्या अब्बांपासून करतो. अब्बा बिडी ओढायचे. रमजानमध्ये तेरा-चौदा तास पाण्याचा घोटही न घेणारा हा माणूस खजूर खाऊन, मगरिब पढून थेट कोपऱ्यावर जायचा. मी एकदा विचारलं, एवढी काय मजा आहे त्यात? ते म्हणाले, "अब मजा नई आता बेटा, पन हात जाताच." पुढे त्यांची छाती गेली. शेवटची दोन वर्षं जिना चढताना ते तीनदा थांबत, आणि वर आल्यावर खिसा चाचपत.

अब्बांचं ते वाक्य मला फार उशिरा कळलं. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत विजेची तार बसवली आणि कळ दाबली की झटका मिळेल अशी सोय केली. उंदीर तासाला शेकडो वेळा कळ दाबत राहिले. मेंदूतलं 'आनंदाचं केंद्र' सापडलं, असा तेव्हा बोलबाला झाला. पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी वेगळाच मुद्दा मांडला. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळपास संपवलं होतं, ते स्वतःहून अन्नाकडे जात नसत, उपाशी मेले असते. पण तोंडात साखरेचं पाणी घातलं तर गोड चाखल्यावर उंदीर जसं तोंड करतात तसंच करत. म्हणजे एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर तलब वेगळी आणि चव वेगळी. चव मरून जाते, तलब मात्र वाढत राहते. अब्बांचं तेच झालं होतं. त्या पोराच्या मोबाईलचंही तेच होतंय. त्याला विचारा, काल रात्री पाहिलेल्यातलं काय आवडलं? त्याला एकही आठवणार नाही.

म्हणून 'मजा चांगली की वाईट' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. माणसाला बुडवते ती बहुतेक वेळा तलब, आणि आपण शिक्षा देतो चवीला.

रोजा नेमकं याच ठिकाणी काम करतो. दिवसभराच्या उपवासानंतर साध्या पाण्याला जी चव येते, ती एरवी फ्रिजमधल्या कुठल्या बाटलीला येत नाही. रोजेदाराला दोन आनंद आहेत, एक रोजा सोडताना आणि दुसरा आपल्या रबला भेटताना, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. बघा, रोजा सोडतानाचा आनंद तिथे गुन्हा म्हणून आलेला नाही. त्या मुलाच्या शरबताचं उत्तर तिथेच आहे.

अब्दुल्लाह बिन अम्र या सहाबींचा प्रसंगही प्रसिद्ध आहे. ते रोज रोजा ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. पैगंबरांनी त्यांना थांबवलं. तुझ्या शरीराचा, डोळ्यांचा, पत्नीचा तुझ्यावर हक्क आहे, असं समजावलं. इमाम गझालींनीही इच्छा मुळापासून उपटायला सांगितलेलं नाही, तिला शिस्त लावायला सांगितलं आहे, कारण भूकच नसेल तर माणूस जगणार कसा? मात्र दिवसभर राहून गेलेलं सगळं जो इफ्तारला भरून काढतो, त्याच्या रोजाने काय साधलं, असाही त्यांचा सवाल आहे. नऊशे वर्षांपूर्वीचा तो सवाल आजच्या आपल्या इफ्तार पार्ट्यांना जसाच्या तसा लागू पडतो.

इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. आपली इफ्तारची मजा तयार कोण करतं? असरनंतर दोन तास कढईसमोर उभी असलेली बाई. तिचाही रोजा असतो. अजान होते तेव्हा पुरुष दस्तरखानावर बसलेले असतात आणि ती शेवटचा घाणा काढत असते. तिने मैत्रिणींबरोबर सिनेमा पाहिला, लग्नात ढोलकीवर गाणं म्हटलं, की मात्र हराम-हलालची चर्चा सुरू होते. कोपऱ्यावरच्या बिडी-गुटख्यावर तेवढ्या जोरात बयान झालेलं मी ऐकलेलं नाही. मजेवरची बंदी आपल्याकडे सगळ्यांना सारखी नसते. ज्याचं चालतं त्याची मजा सुटते, ज्याचं चालत नाही त्याची पकडली जाते.

आणि संगीत? ते जायज की नाजायज यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते मी नाकारत नाही. खुद्द गझालींनी समावर सविस्तर लिहून काही अटींवर त्याला मोकळीक दिली आहे. पण त्या मुलाला मी मिरजेला घेऊन जाईन म्हणतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कारागीर भोपळ्यापासून सतारी आणि तानपुरे घडवत आले आहेत. १९३७ मध्ये वारलेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथल्याच दर्ग्याच्या आवारात दफन आहेत, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणं होतं. एक सूर लागावा म्हणून वर्षानुवर्षं पहाटे उठणाऱ्या माणसाच्या आनंदाला आणि अंगठ्याने पडदा सरकवण्याला एकच नाव देणं मला पटत नाही.

मग ओळखायचं कसं? मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. हे मी थांबवू शकतो का? संपल्यावर मन भरतं, की अजून हवं होतं? आणि माझ्या मजेची किंमत दुसरं कोणी मोजतंय का? या तीन प्रश्नांवर माझा रात्रीचा मोबाईल नापास होतो, आणि आमच्या घरची इफ्तारसुद्धा तिसऱ्यावर नापास होत होती. यंदा घाणा मी काढला. भजी जरा करपली, पण अजान झाली तेव्हा बायको बसलेली होती.

त्या मुलाला माझं सांगणं एवढंच आहे: बेटा, शरबत मनापासून पी. सोडायचंच असेल तर आधी मोबाईल सोड, आणि हार्मोनियमवरची धूळ पुसायची की नाही, ते त्यानंतर शांतपणे ठरव.