आगोटीच्या यादीत गाडी कुठे? घाटातल्या पावसाआधी टायर, ब्रेक, वायपर बघा

मिरग तोंडावर आला की कोकणात आगोटीची धांदल सुरू होते. घराची कौलं चाळायची, लाकडं आत घ्यायची, बियाणं-खत आणायचं, पोरांची शाळेची खरेदी उरकायची. आंब्याचे आलेले पैसे याच पंधरा दिवसांत संपतात. दारातली गाडी मात्र या यादीत नसते. 'चालतेय ना, मग चालू दे' म्हणून ती तशीच पावसात उतरते.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुंबईला जायचं तर परशुराम, भोस्ते आणि कशेडीचा टापू, कराडला कुंभार्ली, कोल्हापूरला आंबा घाट. कशेडीला आता बोगदा झाला, पण बाकीची वळणं, धुकं आणि दरडी चुकलेल्या नाहीत. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून सुरू आहे. खड्ड्यांवर बोलायलाच हवं. पण रस्ता आपल्या हातात नाही, गाडी आहे.

तपासतं कोण?

प्रवासी वाहनाचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. खाजगी गाडीला मात्र पहिली पंधरा वर्षं असली तपासणीच नाही. पीयूसी काढली की गाडी ठीक, असा अनेकांचा समज आहे. पण पीयूसीत फक्त धूर बघतात. ब्रेक लागतो की नाही, हे ते यंत्र सांगत नाही. म्हणजे खाजगी गाडीची जबाबदारी मालकावरच.

पैसे कमी असतील तर आधी काय?

पहिलं टायर. कायद्याने चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. खाचेच्या तळाशी लहान उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. गुळगुळीत टायर खालचं पाणी बाहेर टाकू शकत नाही, गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेक दाबूनही सरळ पुढे जाते.

दुसरं ब्रेक, तिसरं वायपरची रबरं, चौथं सगळे दिवे. सीटकव्हर आणि स्पीकर गणपतीनंतर घेतले तरी चालतात.

गाडी फणसाखाली उभी असेल तर काचेखालच्या जाळीतला पाला काढावा. तो कुजून पाणी अडतं आणि गाडीच्या आत शिरतं. पावसात उंदीर उबेला बॉनेटखाली येतात, त्यामुळे वायरिंगवरही नजर हवी.

घाटात

ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणं जिवावर बेतू शकतं. सारखा दाबून ब्रेक तापतो आणि धरेनासा होतो. धुक्यात हेडलाइट खाली ठेवावा, वर केला तर धुकंच चमकतं. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवू नये, वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसीची हवा काचेवर सोडावी.

पाणी भरलं तर

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात असंख्य गाड्या बुडाल्या. पाण्यातून काढलेली गाडी चावी फिरवून बघायची नसते. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर आतले भाग वाकतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. आधी बॅटरीची वायर सुटी करून गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराची भरपाई मिळत नाही. फुल विम्यातही पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनासाठी बहुतेक वेळा वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पॉलिसी आत्ताच वाचून ठेवलेली बरी.

साकवावरून पाणी वाहत असेल तर थांबावं. फूटभर वाहतं पाणीही लहान गाडीला ढकलून नेऊ शकतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल कोसळला, दोन एसटी बस आणि इतर वाहनं पुरात गेली. त्या रात्री गाड्यांत दोष नव्हता. म्हणूनच पुलांची तपासणी सरकारने करायला हवी, ही मागणी कायम ठेवावी लागेल.

पण दरवेळी दोष रस्त्याचाच असतो असं नाही. कौलं चाळायला माणूस बोलावतो, तसा एक दिवस मेकॅनिककडेही ठेवावा. गाडीत आपलीच माणसं बसणार असतात.