भित्तिपत्रकातला रुपया

आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेली आणि यंदा पदवीधर झालेली मुले-मुली माजी विद्यार्थी मेळाव्याला येतात, तेव्हा पदवीनंतरच्या शैक्षणिक ध्येयाचे भित्तिपत्रक करून सभागृहात लावतात. प्रथा चांगली आहे. तथापि त्या भिंतीसमोर उभे राहिले की आम्हांस एक खंत वाटते. बहुतेक पत्रकांवर उगवता सूर्य, शिखराकडे जाणाऱ्या पायऱ्या, वर बाबासाहेबांचे चित्र आणि खाली ‘उच्च शिक्षण घेणार’ एवढेच शब्द. कोणते शिक्षण, कोठे, कोणाच्या पैशाने, याचा पत्ता नसतो.

आपल्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बाबासाहेबांचे ध्येय इतके धूसर नव्हते. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९१६ मध्ये लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू झाला न झाला तोच शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये तो अर्धा टाकून परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज अशी जुळवाजुळव करून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न हा होता! ही वाटचाल एका कार्डशीटवर काढायची तर मधली तीन वर्षे तुटक रेषेने दाखवावी लागतील. ती तुटक रेषा आम्हांस सूर्यापेक्षा मोलाची वाटते.

आमच्याच तुकडीतील एकाला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. उत्पन्नाचा दाखला हाती पडेतो शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळली. शुल्क भरणे घरच्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. तो मुंबईला नोकरीस गेला आणि पुस्तकांकडे परतला नाही. त्याच्याही भित्तिपत्रकावर सूर्य होता, आणि तो पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही होतो. दाखल्याचे काय झाले, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही.

म्हणून पदवीधराच्या पत्रकावर विषयाचे व संस्थेचे नाव, प्रवेशपरीक्षा, अर्जाची मुदत, लागणारे दाखले आणि वर्षाचा खर्च असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मंडणगडहून रत्नागिरीला जाऊन एक कागद आणायचा तर दिवस मोडतो. तो दिवसही आधीच मांडलेला बरा. स्वप्नाचा असा जमाखर्च रुक्ष दिसतो, असे काही शिक्षकांचे म्हणणे आहे. पाचवीतल्या मुलाने सूर्य जरूर काढावा. पदवी घेतलेल्याने तोच काढला, तर रंग तेवढे खर्ची पडतात.

यंदा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या एका मुलीचे पत्रक कोपऱ्यात लागले होते. चित्र एकच, बांगड्याचे, तेही बेताचे. बाकी सगळा तक्ता: पदव्युत्तर शिक्षणाचा विषय, परीक्षा, पुस्तके, शुल्क. शेवटच्या रकान्यात ‘वसतिगृहाचा खर्च’ आणि त्यापुढे ‘अजून जमलेला नाही’ असे लिहिले होते. सायंकाळी वंदना आटोपून आम्ही पुन्हा तेथे गेलो, तेव्हा त्या शब्दांशेजारी कोणीतरी पेन्सिलीने आपला दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवला होता.